पेशीला कसं कळतं, की आता विभागायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी.
लेक सध्या पेशीवरचा धडा शिकतेय. आधी पेशीपटल, विसरण, परासरण आणि त्याला लागूनच पेशीविभाजन. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था सगळं तोंडपाठ आहे. काल पुस्तक मिटता मिटता तिने विचारलं, "आई, पण पेशीला कळतं कसं, की आता विभागायचं?" मी म्हटलं, "शरीराची वाढ व्हायची असते ना, म्हणून." तर म्हणाली, "ते शरीराला हवंय. पेशीला कसं कळतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याला एक जोडप्रश्नही चिकटला. पटलातून पाणी आत-बाहेर जाणं आणि पेशी दुभंगणं हे दोन विषय शेजारी शेजारी का शिकवतात? पानं भरायची म्हणून, की त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे? जाणकारांनी कृपया लिहावं.

पाणपक्षी
किती गोड प्रश्न! वाचतेय.

काजवा
ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. आधी तुमच्या जोडप्रश्नाकडे येतो, कारण नातं नक्की आहे.

पेशी एक घन आहे असं समजा. बाजू १ असेल तर पृष्ठभाग ६ आणि आकारमान १. बाजू २ केली तर पृष्ठभाग २४, आकारमान ८. बाजू ३ केली तर ५४ आणि २७. म्हणजे पृष्ठभाग भागिले आकारमान हे गुणोत्तर ६ वरून ३ वर, मग २ वर आलं. आता पृष्ठभाग म्हणजेच पेशीपटल. खाणं, प्राणवायू, टाकाऊ पदार्थ, सगळ्यांची ये-जा तिथूनच. पेशी वाढत गेली की आतली भूक घनाच्या हिशेबाने वाढते आणि दारं मात्र वर्गाच्या हिशेबाने. मग ती दोन लहान पेशी होते आणि गुणोत्तर पुन्हा सुधारतं.

सूक्ष्मदर्शक
काजवा, छान मांडलंत. यात अंतराचा हिशेबही घालायला हवा, एरवी तो सुटतो.

विसरणाला, म्हणजे रेणूंनी आपोआप पसरत जायला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट. ग्लुकोजसारख्या रेणूला साध्या पाण्यात १० मायक्रोमीटर जायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. म्हणून नेहमीच्या पेशीत पटलाकडून केंद्रकापर्यंत पोचायला वाहन लागत नाही, रेणू नुसते धक्के खात पोचतात. तेच अंतर १ मिलिमीटर केलं तर पाव तासाच्या आसपास लागतो, आणि १ सेंटिमीटरला जवळजवळ पूर्ण दिवस. वर्गात मी हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायचो. मुलं गप्प व्हायची. पेशी लहान का, हे त्यांना त्या शांततेत कळायचं.

शंकासुर
दोघांचंही बरोबर, पण त्यातून लेकीच्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. लहान असणं फायद्याचं आहे, हे झालं. पण "फायद्याचं आहे" म्हणजे "पेशीला कळतं" नव्हे.

शिवाय अपवाद बघा. शहामृगाच्या अंड्यातला बलक सुरुवातीला एकच पेशी असतो. कण्यातून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी चेतापेशी मीटरभर लांब भरते. कॉलेर्पा नावाचं समुद्री शैवाल पानं-खोड असल्यासारखं दिसतं, पसरतं, आणि सगळं मिळून एकच पेशी. आणि उलटा अपवाद तर त्याहून मोठा आहे. फलित अंडपेशी पहिल्या काही फेऱ्यांत अजिबात न वाढता भराभर विभागते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि एकूण आकार तेवढाच. तिथे "वाढली म्हणून विभागली" हे कुठे बसतं?

काजवा
शंकासुर, फलित अंड्याचा मुद्दा मान्य. खरं तर माझी मांडणी तिथे उलटी होते. अंडपेशी आधीच मोठी करून ठेवलेली असते, आणि तिच्या पुढच्या फेऱ्या नेहमीचं गुणोत्तर परत मिळवत जातात.

बाकीचे अपवाद मात्र नियमाचीच बाजू घेतात असं मला वाटतं. चेतापेशी लांब आहे पण बारीक आहे, त्यामुळे आतला कुठलाही बिंदू पटलापासून दूर नाही. बलक म्हणजे बहुतांश साठा, जिवंत काम चालणारा भाग वरच्या लहानशा चकतीत. कॉलेर्पात असंख्य केंद्रकं असतात आणि मधली जागा मोठ्या रिक्तिकेने भरलेली असते. थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस हा जिवाणू पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो! पण त्याच्याही पोटात भलीमोठी रिक्तिका आणि जीवद्रव्याचा पातळ थर कडेला.

चकोर
मला एक सांगा, परासरणात पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं ना? मग मिठाच्या पाण्यात ठेवलेली पेशी आकसते कशी? तिने फुगायला हवं. शाळेपासून हे डोक्यात उलटंच बसलंय.

सूक्ष्मदर्शक
चकोर, हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की मी "संहती" हा शब्द पहिल्या दिवशी वापरायचोच नाही. कोणाची संहती, पाण्याची की मिठाची, हे सांगितलं नाही की घोटाळा ठरलेला. असं धरा: पटल पाण्याला वाट देतं, विरघळलेल्या क्षारांना सहज देत नाही. जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी जातं.

बाहेरचं द्रावण खारट, म्हणजे अतिपरासारी असेल, तर पाणी पेशीतून बाहेर. वनस्पतीच्या पेशीत भिंत जागेवर राहते आणि आतलं जीवद्रव्य पटलासकट तिच्यापासून सुटून गोळा होतं. हा रससंकोच. जांभळ्या पाठीच्या ऱ्हीओच्या पानाची साल काढून बघा, रंगीत रिक्तिका आक्रसताना स्पष्ट दिसते. बाहेर शुद्ध पाणी, म्हणजे अवपरासारी असेल, तर पाणी आत. वनस्पतीची पेशी भिंतीमुळे टिकते, ताठ होते. तांबडी रक्तपेशी फुटते.

चकोर
"जिकडे कण जास्त, तिकडे पाणी." लिहून ठेवलं. धन्यवाद सर!

उंबरठा
तांबडी पेशी फुटते यावरून लिहिते. मी परिचारिका आहे. शिकत असताना आमच्या बाईंनी दोन परीक्षानळ्या समोर ठेवल्या होत्या. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. दोन्हींत एकेक थेंब रक्त. पहिली गढूळ राहिली. दुसरी क्षणात पारदर्शक लाल झाली, तिच्यामागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येऊ लागली. पेशी फुटून रंग पाण्यात उतरला होता. शिरेतून साधं पाणी कधीच का द्यायचं नाही, हे त्यानंतर कोणी सांगावं लागलं नाही.

आणि जलसंजीवनी! ती निव्वळ परासरणाची गोष्ट नाही. आतड्याच्या पेशींच्या पटलावर एक वाहक प्रथिन असतं, ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं. दोघांची जोडी जमली तरच दार फिरतं. कण आत गेले की मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडवाहतूक मांडली. पटकीच्या विषामुळे पेशी पाणी बाहेर ओतत राहते, पण हे दार तेव्हाही चालू असतं, म्हणून तोंडाने दिलेलं साखर-मिठाचं पाणी आत घेतलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या प्रमाणित मिश्रणात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असतं. ही बरोबरी उगाच नाही. पुडी लिटरभरच पाण्यात विरघळवायची, कमी पाण्यात नाही, हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. द्रावण फार घट्ट झालं तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

पाणपक्षी
उंबरठा, सुंदर प्रतिसाद. यापुढे पुडी विरघळवताना दोन सोडियम आणि एक ग्लुकोज हात धरून आत जाताना दिसतील.

वाटसरू
अवांतर: पेशीच्या घरातल्या वाटण्या मात्र चोख बरं का. ४६ गुणसूत्रं, दोघींना बरोब्बर ४६-४६. भांडण नाही, मोजणीदार नाही!

काजवा
वाटसरू, हाहा. पण सगळ्याच वाटण्या समान नसतात. अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात एक बहीण जवळजवळ सगळं घर घेते आणि दुसरीला फक्त गुणसूत्रांची पेटी देऊन बाहेर काढते. ती लहानगी म्हणजे ध्रुवीय पिंड, आणि ती पुढे नष्ट होते. गर्भाला सुरुवातीचे दिवस पुरेल इतका साठा एकाच पेशीत राहावा, म्हणून ही असमान वाटणी.

आणि सूत्री, म्हणजे नेहमीच्या, विभाजनातही काटेकोर मोजणी गुणसूत्रांचीच. तंतुकणिका साधारण सारख्या वाटल्या जातात, मोजून नाही.

वाटसरू
म्हणजे दागिने मोजून, भांडी अंदाजाने.

तळ्याकाठी
गुणसूत्रांच्या मोजणीचा विषय निघालाच आहे, तर रानजाई यांच्या जोडप्रश्नाचं माझं सगळ्यात आवडतं उत्तर सांगते. मी गुणसूत्र तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सवडीने वाचा.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं हे आज शाळकरी मुलाला माहीत असतं. पण १९२३ मध्ये पेंटर या शास्त्रज्ञांनी ४८ हा आकडा दिला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जग ४८ म्हणत होतं. माणसं निष्काळजी होती असं नाही. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं इतकी दाटीवाटीने एकमेकांवर पडलेली असायची की कोणतं कुठे संपतं तेच दिसायचं नाही.

१९५२ मध्ये टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला टी. सी. शू हे शास्त्रज्ञ काम करत होते. एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गुणसूत्रं सुटी सुटी, पसरलेली दिसली. पुन्हा करायला गेले तर जमेना. एकेक गोष्ट बदलून बघत राहिले आणि शेवटी उलगडा झाला: पेशी धुवायच्या क्षारद्रावणात पाणी जास्त पडलं होतं. द्रावण अवपरासारी झालं होतं! पाणी पटलातून आत शिरलं, पेशी फुगल्या आणि आतली गर्दी पांगली. द्रावण कोणी चुकीचं बनवलं, ते कधीच समजलं नाही.

त्यानंतरही शू यांनी ४८ च मोजली. आकडा मनात आधीच बसला होता. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला ज्यो हिन चिओ यांनी हीच फुगवायची युक्ती आणि तर्कुतंतू (विभाजनात गुणसूत्रं ओढून नेणारे धागे) मोडणारं कोल्चिसिन वापरून मोजलं, आणि ४६ भरली. १९५६ मध्ये चिओ आणि लेव्हान यांनी ते प्रसिद्ध केलं. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, लेज्यून आणि सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोममध्ये ४७ असतात हे दाखवलं. ४८ वर अडून बसलो असतो तर ४७ दिसूनही त्याचा अर्थ लागला नसता.

आजही मी रोज तेच करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, कोल्सेमिड घालून मध्यावस्थेत थांबवायच्या, मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं हायपोटॉनिक, म्हणजे अवपरासारी द्रावण. तांबड्या पेशी त्यात फुटून जातात, पांढऱ्या फुगतात. वेळ कमी पडला तर गुणसूत्रं गुंतलेली राहतात, जास्त झाला तर पेशी फुटून गुणसूत्रं विखुरतात आणि कोणती कोणाची ते कळत नाही. एखाद्या घरी बाळाविषयीची बातमी जायची असते ती या काही मिनिटांवर अवलंबून असते. त्यामुळे ताई, हे दोन धडे शेजारी आहेत ते अगदी योग्य आहे. माझ्या टेबलावर ते एकाच नळीत असतात.

रानजाई
तळ्याकाठी, अंगावर काटा आला वाचताना. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चुकून पाणी जास्त पडलं म्हणून कळलं?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

चकोर
माझी आणखी एक शंका. गुणसूत्रं मध्यावस्थेत दुप्पट होतात ना? मग मोजताना ९२ का येत नाहीत?

तळ्याकाठी
दुप्पट होणं फार आधी उरकलेलं असतं, मध्यांतरातल्या, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळातल्या, संश्लेषणाच्या टप्प्यात. प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी पेशी २४ तासांचं चक्र घेत असेल, तर प्रत्यक्ष विभाजन साधारण तासाभराचं. बाकी सगळा वेळ तयारीचा. मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या असतात. आपण गुणसूत्रबिंदू मोजतो, म्हणून ४६. पश्चावस्थेत त्या सुटल्या की काही मिनिटं त्या एका पेशीत खरोखरच ९२ असतात.

मृदगंध
तर्कुतंतू मोडणाऱ्या औषधाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. गेल्या वर्षी माझ्या आईला केमोथेरपीत व्हिन्क्रिस्टीन दिलं. ते सदाफुलीपासून मिळतं हे कळल्यावर आईने कुंडीतल्या सदाफुलीकडे बघून हात जोडले होते. केस का गेले, हे डॉक्टरांनी छान समजावलं: औषध भराभर विभागणाऱ्या पेशी अडवतं, आणि केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर विभागतात. पण तिची बोटं बधिर झाली, ते मला कळलं नव्हतं. चेतापेशी तर विभागत नाहीत. कोणी सांगेल का?

काजवा
मृदगंध, आई आता बऱ्या असतील अशी आशा करतो. व्हिन्क्रिस्टीन सूक्ष्मनलिका तयार होऊ देत नाही. तर्कुतंतू सूक्ष्मनलिकांचेच असतात, म्हणून विभाजन थांबतं. पण चेतापेशीच्या लांबच लांब तंतूतही याच सूक्ष्मनलिका रुळांसारख्या असतात, त्यांवरून माल टोकापर्यंत जातो. रूळ बिघडले की सगळ्यात दूरच्या टोकाला आधी तुटवडा पडतो, म्हणून बोटं. वर सरांनी अंतराचं गणित सांगितलं ना, मीटरभर अंतर विसरणाने कापणं अशक्य, म्हणून हे रूळ लागतात.

मृदगंध
हो, आई बरी आहे. आता बोटांना सुईदोरा जमतो. हे उत्तर तिला वाचून दाखवते. मनापासून आभार.

शंकासुर
धागा सुंदर चाललाय, पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे. पेशीला कळतं कसं?

सूक्ष्मदर्शक
बरोबर. प्रयत्न करतो. "कळणं" हे तीन जागी घडतं असं मी म्हणेन.

यीस्टसारख्या एकट्या पेशीत मुख्य प्रश्न असतो, मी पुरेशी मोठी झाले का आणि बाहेर अन्न आहे का. पॉल नर्स यांना एडिंबरात यीस्टचे असे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) सापडले, जे निम्म्या आकारातच विभागून मोकळे होत. तिथल्या बोलीत लहानाला 'वी' म्हणतात, म्हणून जनुकाचं नावही 'वी'. म्हणजे "अजून लहान आहेस, थांब" असं म्हणणारं प्रथिन पेशीत असतं, आणि ते बिघडलं की घाई होते.

प्राण्यांच्या शरीरात मात्र पेशी नुसती मोठी झाली म्हणून विभागत नाही, तिला परवानगी लागते. ती वृद्धिघटकांच्या रूपाने बाहेरून येते. जखम झाली की रक्तपट्टिका असे घटक सोडतात, ते शेजारच्या पेशींच्या पटलावरच्या ग्राही प्रथिनांना चिकटतात. घटक आत शिरतही नाही! निरोप पटलावर दिला जातो आणि आतल्या साखळीने केंद्रकापर्यंत पोचतो. रानजाई, तुमच्या दोन धड्यांमधलं सगळ्यात पक्कं नातं मला हे वाटतं. कर्करोगात अनेकदा हीच साखळी बिघडलेली असते, निरोप नसताना ग्राही प्रथिन "आला, आला" म्हणत राहतं.

तिसरं, आतलं घड्याळ. टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं, जे साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं व्हायचं. तेच सायक्लिन. पेशीचक्रावरच्या कामासाठी हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. शंकासुर, तुमची न वाढता विभागणारी फलित अंडी बहुतांशी याच घड्याळावर चालतात. त्यांना आकार विचारावा लागत नाही.

आणि सुरू झाल्यावरही तपासणी संपत नाही. एका जरी गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे तंतू नीट जोडले गेले नसतील तर पश्चावस्था थांबून राहते. ४५ जोडली गेली, एक राहिलं, तरी सगळ्यांनी थांबायचं.

शंकासुर
आता समाधान झालं. "कळणं" एका जागी नाही, हे महत्त्वाचं.

रानजाई
सर, लेकीने तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. आता म्हणते, मला हे प्रत्यक्ष बघायचंय. घरी किंवा शाळेत जमेल का?

सूक्ष्मदर्शक
शाळेत, शिक्षकांसमोर करा, कारण आम्ल लागतं. कांदा पाण्याला टेकवून तीन-चार दिवसांत मुळं फुटू द्या. टोकाचे फक्त दोन मिलिमीटर कापा, विभाजन तिथेच चालतं. ॲसिटिक आम्ल एक भाग, अल्कोहोल तीन भाग यात रात्रभर ठेवा. मग कोमट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं मऊ करा, ॲसिटोकार्माइनने रंगवा, काचपट्टीवर ठेवून आच्छादक काच अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच सरकू देऊ नका. दिसलं की नुसतं बघून सोडू नका, मोजा. ज्या अवस्थेतल्या पेशी जास्त दिसतात, त्या अवस्थेला वेळ जास्त लागतो. एका स्थिर चित्रातून वेळ मोजता येतो, हे तिला स्वतःला सापडू द्या.

रानजाई
दहा दिवसांनी लिहितेय. शाळेतल्या बाईंनी परवानगी दिली. पहिल्या दोन काचपट्ट्या फुकट गेल्या, तिसरी जमली. एकूण ४१२ पेशी मोजल्या. विभाजनात ३१: पूर्वावस्थेत २२, मध्यावस्थेत ४, पश्चावस्थेत २, अंत्यावस्थेत ३. पश्चावस्थेतल्या दोन तिने मला हाक मारून दाखवल्या.

घरी येताना वाटेत म्हणाली, "आई, पश्चावस्था दोनच दिसल्या कारण ती लवकर संपते. आधी सगळ्यांसाठी थांबतात, आणि मग लगेच निघतात." सर, मोजणीतून वेळ कळतो हे तुम्ही सांगितलेलं मी तिला आधी सांगितलं नव्हतं.